मेंदूत भाषांना जागा किती लागते?

जुन्नर तालुक्यात टोमॅटोचा हंगाम सुरू झाला की नारायणगावच्या बाजारात आडत्याच्या तोंडून दिवसभर दोन भाषा निघतात. बोरी बुद्रुककडून माल घेऊन आलेल्या शेतकऱ्याशी तो मराठीत बोलतो, मान वळवून परप्रांतातल्या खरेदीदाराशी हिंदीत भाव ठरवतो आणि मधल्या मधे क्रेटचा हिशोब पुटपुटतो तो पुन्हा मराठीत. कुठं थांबून ‘आता कोणती भाषा?’ असा विचार त्याला करावा लागत नाही. शेतकऱ्याला हिंदी आणि व्यापाऱ्याला मराठी ऐकवण्याची चूकही क्वचितच होते. एका डोक्यात दोन भाषा एकमेकींच्या पायात न येता कशा नांदतात, हे एवढं सवयीचं झालं आहे की त्यात कोडं आहे हेच लक्षात येत नाही.

हे कोडं सोडवण्याची गरज मात्र अगदी ताजी आहे. एप्रिल २०२५ मध्ये राज्य शासनाने पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा आणण्याचा निर्णय काढला, त्यावर महाराष्ट्रभर वाद झाला आणि २९ जूनला तो मागे घेतला गेला. त्या वादात एक वाक्य सतत कानावर पडत होतं: लहान मुलांच्या मेंदूवर भाषांचं ओझं पडेल. दुसरीकडे गावोगावचे पालक मुलांना इंग्रजी शाळेत घालतात आणि इंग्रजी पक्की व्हावी म्हणून घरातली मराठी आखडती घेतात. या दोन्ही भूमिका एकमेकींच्या विरुद्ध दिसतात, पण त्यांचा पाया एकच आहे. मेंदूत जागा मोजकी आहे, एक भाषा वाढली की दुसरीला ती कमी पडणार, असं दोघांनी धरून चाललेलं असतं. गेल्या चाळीसेक वर्षांतलं संशोधन पाहिलं तर हा पायाच ठिसूळ निघतो. मेंदूला भाषेसाठी जागा कमी पडत नाही. कमी पडतो तो वापर. हा फरक नीट समजला तर शाळेबद्दलचे आणि घराबद्दलचे बरेच निर्णय वेगळ्या नजरेने बघता येतात.

कान आधी निवड करतो

मूल पहिला शब्द बोलतं त्याच्या कितीतरी आधी मेंदूचं भाषेचं काम सुरू झालेलं असतं. कॅनडातल्या जॅनेट वेर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला, तो मराठी वाचकाला चटकन कळेल असा आहे. त्यांनी तान्ह्या मुलांना ‘त’ आणि ‘ट’ या जातीचे हिंदीतले उच्चार ऐकवले. आपल्याला ‘ताक’ आणि ‘टाक’ यांतला फरक झोपेतही ऐकू येईल, पण इंग्रजी बोलणाऱ्या मोठ्या माणसाला तो पकडणं अवघड जातं. गंमत अशी की इंग्रजी घरातली सहा ते आठ महिन्यांची बाळं हा फरक ओळखत होती. दहा-बारा महिन्यांची होईपर्यंत त्यांपैकी बहुतेकांची ही ओळख पुसट झाली होती. हिंदी घरातल्या बाळांची मात्र शाबूत राहिली होती.

म्हणजे एकभाषिक मेंदू हा कमी क्षमतेचा मेंदू नव्हे, तो काटकसरी मेंदू आहे. सुरुवातीला तो सगळ्या दिशांनी कान उघडे ठेवतो आणि घरात ज्या फरकाने अर्थ बदलत नाही, तो फरक ऐकण्यावर शक्ती खर्च करणं हळूहळू थांबवतो. घरात दोन भाषा असतील तर दोन्हींना लागणारे फरक तो राखून ठेवतो. यात मुलाचा गोंधळ होत असेल, ही शंका साहजिक आहे. वेर्कर यांच्याच गटाने २०१० मध्ये नवजात बाळांवर केलेला अभ्यास तिचं उत्तर देतो. ज्या आया गरोदरपणात इंग्रजी आणि फिलिपिन्समधली तागालोग अशा दोन्ही भाषा बोलत होत्या, त्यांची बाळं दोन्ही भाषांकडे सारखंच लक्ष देत होती. तरीही त्या दोन भाषा वेगळ्या आहेत, हे त्यांना कळत होतं. दोन भाषांची सरमिसळ होण्याची भीती मोठ्यांच्या मनात असते. बाळाचा कान त्या वेगळ्या करूनच सुरुवात करतो.

भाषा दोन, कप्पे दोन नाहीत

मेंदू आणि भाषा यांचं जुनं चित्र कप्प्यांचं होतं. पॉल ब्रोका या फ्रेंच डॉक्टरने १८६१ मध्ये एका रुग्णाचा मेंदू तपासला. त्या माणसाला समोरच्याचं बोलणं कळत असे, पण स्वतःच्या तोंडून ‘टॅन’ एवढाच आवाज निघे. त्याच्या मेंदूच्या डाव्या बाजूला, पुढच्या भागात इजा सापडली. १८७४ मध्ये जर्मन डॉक्टर कार्ल वेर्निके यांनी कानाच्या मागच्या बाजूचा आणखी एक भाग दाखवला. तिथे इजा झाली की माणूस घडाघडा बोलतो, पण बोलण्यात अर्थ राहत नाही आणि ऐकलेलंही समजत नाही. यावरून बोलण्याचा एक कप्पा आणि समजण्याचा एक कप्पा असं चित्र रूढ झालं. मग दुसरी भाषा आली की तिचाही वेगळा कप्पा असणार, असं वाटणं ओघानेच आलं.

जिवंत माणसाच्या मेंदूतला रक्तप्रवाह मोजणारी यंत्रं आल्यावर हे तपासता आलं. १९९७ मध्ये न्यूयॉर्कच्या एका गटाला आढळलं की लहानपणापासून दोन भाषा बोलणाऱ्यांत ब्रोकाच्या भागात दोन्ही भाषांची कामं एकाच जागी होतात, तर मोठेपणी दुसरी भाषा शिकलेल्यांत शेजारशेजारच्या वेगळ्या जागी होतात. कप्पेवाद्यांना हा आधार वाटला. पण पुढच्याच वर्षी डानिएला पेरानी यांच्या इटलीतल्या गटाने दाखवलं की दुसरी भाषा उशिरा शिकूनही ज्यांनी तिच्यावर प्रभुत्व मिळवलं, त्यांच्यातही दोन्ही भाषांची जागा बरीचशी एकच असते. फरक वयापेक्षा सराईतपणाचा होता. भाषा कच्ची असते तेव्हा मेंदूला जास्त खटपट करावी लागते, आजूबाजूचे भाग मदतीला घ्यावे लागतात. ती रुळली की मूळच्याच यंत्रणेत सामावते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात १२ भाषाकुळांतल्या ४५ भाषांचे भाषक तपासले गेले. त्यात हिंदीही होती, तमिळही होती. भाषा कोणतीही असो, मेंदूतली तिची घडण ढोबळ मानाने तीच आढळली.

ब्रोकाचा भाग तरी निव्वळ भाषेचा आहे का? इथे बोरी बुद्रुकचीच आठवण काढायला हवी. कुकडीच्या काठच्या या गावाचं नाव जगभरच्या पुरातत्त्वज्ञांना ठाऊक आहे ते तिथल्या ज्वालामुखीच्या राखेच्या थरामुळे आणि त्याच्या सोबतीने सापडलेल्या अश्मयुगीन हत्यारांमुळे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी तिथे काम केलं. ती राख ७५ हजार वर्षांपूर्वीच्या सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीच्या उद्रेकाची, की त्याहून कितीतरी जुनी, यावर मोठा वाद झाला. आपल्या मुद्द्याला त्या हत्यारांतली हातकुऱ्हाड उपयोगी आहे. ती घडवायची तर आधी गाभा, मग कडा, मग टोक, असं पायऱ्यांत पायऱ्या बसवत जावं लागतं. डीट्रिक स्टाउट या अमेरिकी संशोधकाने अशी हत्यारं घडवण्यात तरबेज असलेल्या माणसांचा मेंदू तपासला, तेव्हा ब्रोकाच्या भागाचा उजव्या बाजूचा जोडीदार कामाला लागलेला दिसला. यावरून कुकडीकाठचे ते कारागीर बोलत होते, असं सिद्ध होत नाही. पण एका मोठ्या कृतीच्या पोटात लहान कृती ओवण्याचं काम, मग ते वाक्याचं असो की दगडाचं, मेंदूच्या एकाच जातीच्या भागांकडे असतं एवढं दिसतं. मराठीचा खण आणि इंग्रजीचा खण अशी या यंत्रणेची रचनाच नाही.

न बोललेली भाषाही जागी असते

यंत्रणा एकच असेल तर पुढचा प्रश्न असा की आडत्या हिंदीत बोलत असतो तेव्हा त्याची मराठी कुठं जाते? उत्तर असं की ती कुठंच जात नाही. खरेदीदार म्हणतो, ‘क्रेट खाली करो.’ हिंदीत याचा अर्थ रिकामं करा. मराठी कानाला ‘खाली’ म्हणजे आधी खालच्या बाजूला. ऐकणाऱ्याच्या मेंदूत क्षणभर दोन्ही अर्थ उठतात आणि संदर्भ पाहून एक मागे सारला जातो. हे एवढ्या झटपट होतं की त्याला स्वतःला पत्ता लागत नाही. या बाजारात आता मराठी हमालही ‘गाडी खाली केली’ असं सर्रास म्हणतो. दोन भाषा आतून एकमेकींच्या किती जवळ वावरतात त्याचं हे बाहेर दिसणारं चिन्ह.

हे अनुमान प्रयोगांनी पक्कं झालं आहे. अमेरिकेत व्हिओरिका मारियन आणि मायकल स्पायव्ही यांनी १९९९ मध्ये रशियन व इंग्रजी जाणणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर काही वस्तू ठेवल्या आणि नजर कुठं जाते ते यंत्राने टिपलं. रशियनमध्ये पोस्टाच्या तिकिटाला ‘मार्का’ म्हणतात. रशियनमध्ये ‘तिकीट उचला’ अशी सूचना मिळताच विद्यार्थ्यांची नजर शेजारी ठेवलेल्या मार्कर पेनकडे वळून मग तिकिटावर जाई. इंग्रजीचा तिथे काहीच संबंध नव्हता, तरी इंग्रजी शब्द जागा झाला होता. २००७ मध्ये वेल्समध्ये झालेला प्रयोग याहून खोल गेला. चिनी विद्यार्थ्यांना इंग्रजी शब्दांच्या जोड्या दाखवून, अर्थ जवळचे आहेत का एवढंच विचारलं. काही जोड्यांच्या चिनी प्रतिशब्दांत एक अक्षर सामाईक होतं. रेल्वेगाडी आणि हॅम (डुकराचं खारवलेलं मांस) हे त्यातलं एक उदाहरण. विद्यार्थ्यांच्या उत्तरांवर त्याचा काही परिणाम दिसला नाही, पण डोक्याला लावलेल्या विद्युत-तारांवर तो स्वच्छ उमटला. संपूर्ण प्रयोगात चिनी भाषेचा एक शब्दही उच्चारलेला नव्हता, तरी त्यांचा मेंदू आतल्या आत भाषांतर करत होता.

दारं कोण धरतं?

मग द्विभाषिकाचं खरं काम काय, हे इथे उलगडतं. त्याला दुसऱ्या भाषेसाठी जागा शोधायची नसते. सतत जाग्या असलेल्या दोन भाषांपैकी एकीला वाट द्यायची असते आणि दुसरीला अडवून धरायचं असतं. कुकडीच्या पाटाचं पाणी घेणाऱ्या शेतकऱ्याला हे काम नवं नाही. पाट एकच, वाफे दोन. एका वाफ्याला पाणी द्यायचं तर त्याचं दारं मोडायचं आणि दुसऱ्याच्या तोंडाशी मातीचा बांध घालायचा. ज्या वाफ्याकडे उतार जास्त, तिथे पाण्याचा लोंढा मोठा, म्हणून तिथला बांधही जाड घालावा लागतो. मग त्याच वाफ्याला पुन्हा पाणी सोडायची वेळ आली की तो जाड बांध फोडायला जास्त वेळ लागतो.

डेव्हिड ग्रीन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९९८ मध्ये मांडलेला सिद्धान्त असाच आहे: नको असलेली भाषा मेंदू दाबून धरतो, आणि जी भाषा जास्त बळकट तिला जास्त जोराने. पुढच्याच वर्षी रेनाता म्युटर आणि अॅलन ऑलपोर्ट यांनी याची परीक्षा घेतली. द्विभाषिकांसमोर आकडे दाखवायचे आणि पार्श्वभूमीच्या रंगानुसार कधी एका, कधी दुसऱ्या भाषेत ते म्हणायला लावायचे. भाषा बदलताना वेळ लागणार हे अपेक्षित होतं. धक्का देणारी गोष्ट अशी की कच्च्या भाषेतून मातृभाषेत परतताना जास्त वेळ लागला. सोप्या भाषेकडे वळणंच महाग पडलं, कारण तिच्यावरचा बांध जाड होता. बराच वेळ इंग्रजीत बोलल्यावर घरचा फोन आला की पहिल्या दोन-तीन शब्दांना जीभ अडखळते, त्यामागे हेच असतं. मराठी विसरली म्हणून ती अडखळत नाही, तर मराठी जोरात धरून ठेवलेली होती म्हणून.

दारं धरणारा हा भाग भाषेच्या यंत्रणेतला नाही, हे महत्त्वाचं. जुबिन अबुतालेबी आणि ग्रीन यांनी गोळा केलेल्या पुराव्यानुसार कपाळामागचा मेंदू, दोन्ही अर्धगोलांच्या मधल्या कडेवरचा सिंग्युलेट नावाचा पट्टा आणि मेंदूच्या गाभ्यातला कॉडेट नावाचा गोळा मिळून हे काम करतात. लक्ष एकाग्र करणं, मोह आवरणं, चूक झाली हे ओळखणं अशा कामांतही हेच भाग राबतात. इथे बिघाड झाला तर काय होतं, ते इटलीतल्या एका रुग्णाने दाखवलं. त्याची वैद्यकीय नोंद २००० मध्ये प्रसिद्ध झाली. हा माणूस इटालियन आणि फ्रिउलियन या दोन्ही भाषा उत्तम बोलत होता. मेंदूच्या पुढच्या भागातल्या आजारानंतरही दोन्ही भाषा धड राहिल्या, व्याकरण धड राहिलं. पण समोरच्याला फ्रिउलियन कळत नाही हे माहीत असूनही तो मधेच तिकडे वळे आणि त्याला स्वतःला आवरता येत नसे. भाषा शाबूत, दारं धरणारा आजारी.

हिशोब मराठीतच का?

आता त्या पुटपुटलेल्या हिशोबाकडे येऊ. भाव हिंदीत ठरतो, मग बेरीज मराठीत का होते? स्टानिस्लास देहेन, एलिझाबेथ स्पेल्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये रशियन-इंग्रजी द्विभाषिकांना नवी गणितं एका भाषेत घोकून घ्यायला लावली आणि नंतर दोन्ही भाषांत विचारली. अंदाजे उत्तर द्यायचं असेल तर भाषेने फरक पडला नाही. नेमकं उत्तर हवं असेल तर घोकलेल्या भाषेत ते पटकन आलं, दुसऱ्या भाषेत उशिरा. अंदाज हा भाषेविना होतो, पण पाढे शब्दांच्या साखळीने लक्षात राहतात आणि ती साखळी ज्या भाषेत ओवली त्याच भाषेत ओढली जाते. सेमी-इंग्रजीत गणित शिकणाऱ्या आणि घरी आजोबांकडून मराठी पाढे घोकणाऱ्या मुलाला कधी कधी सोपं उदाहरणही उशिरा सुटतं, ते बुद्धी कमी म्हणून नव्हे. तो उत्तर काढतो एका भाषेत आणि सांगतो दुसऱ्या भाषेत. मेंदू जे ज्या भाषेत वापरतो, ते त्या भाषेत पक्कं होतं. वापराचा मुद्दा इथे अगदी मोजून दाखवता येतो.

कुपवाडचा पुरावा

एकच यंत्रणा दोन-तीन भाषांनी पिढ्यान्‌पिढ्या वापरली तर काय होतं, याचा जगात गाजलेला दाखला आपल्याच राज्यात आहे. सांगलीला लागून असलेलं कुपवाड आज महानगरपालिकेत आहे. पूर्वी ते खेडं होतं. जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ मध्ये तिथल्या भाषांवर लेख लिहिला. जैन शेतकरी घरी कन्नड बोलत, मुसलमान घरांत उर्दू, इतर काही समाजांत मराठी, आणि बाहेरच्या व्यवहारात पुरुषांना एकाहून जास्त भाषा रोज लागत. अभ्यासकांना दिसलं की शब्द आपापले राहिले, पण वाक्यांचे साचे इतके जवळ आले की एका भाषेतलं वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसऱ्या भाषेत नेता येई. कन्नडमध्ये पुल्लिंग-स्त्रीलिंगाचा भेद माणसांपुरता, बाकी सगळं नपुंसकलिंगी. कुपवाडच्या मराठीनेही ही रीत उचलली आणि प्रमाण मराठीत ‘नदी आली’ असं जिथे म्हणू, तिथे क्रियापद नपुंसकलिंगी झालं.

भाषा वेगवेगळ्या कप्प्यांत राहत असत्या तर हे घडण्याचं कारण नव्हतं. सतत दारं बदलावं लागणाऱ्या मेंदूने खटपट कमी करण्यासाठी साचे एक करून टाकले. शब्द मात्र वेगळे ठेवले, कारण घरची ओळख शब्दांतून कळत होती. एका माणसाच्या डोक्यात सेकंदाच्या हजाराव्या भागांत चालणारी गोष्ट एका गावात काही शतकांत व्याकरणावर उमटली.

एकभाषिक म्हणजे नक्की कोण?

इथे वाचक म्हणेल, आम्ही खेड्यातली माणसं एकाच भाषेत वाढलो, आमच्या मेंदूत हे दारं धरणं नसेल. पण एकभाषिक मेंदूही शब्दांची निवड करतच असतो. चित्र बघून त्याचं नाव सांगायला मोठ्या माणसाला साधारण ६०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाच्या निम्म्याहून थोडा जास्त वेळ लागतो. तेवढ्यात मांजर, बोका, माऊ असे जवळचे शब्द उठतात आणि त्यांतला एक निवडला जातो. थोरल्यांशी ‘अहो’, बरोबरच्यांशी ‘अरे’, शाळेत ‘पाणी’ आणि घरी ‘पानी’ हीसुद्धा दारंच. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात घरी ठाकरी बोलणारं मूल शाळेत प्रमाण मराठी वापरतं, तेव्हा जनगणनेच्या तक्त्यात ते कदाचित एकभाषिक दिसेल, पण मेंदूच्या हिशोबात ते द्विभाषिकाचंच काम करत असतं. एकभाषिक आणि द्विभाषिक यांच्यात भिंत नाही; कामाची मात्रा कमी-जास्त एवढाच फरक आहे. म्हणून अशा मुलाची घरची बोली ‘अशुद्ध’ ठरवून बंद पाडणाऱ्याने त्याच्या मेंदूचा भार हलका केला असं होत नाही, त्याने मुलाच्या हातचा सराव मात्र काढून घेतलेला असतो.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप शब्दसंग्रहाचा, आणि तो खरा आहे. एलन बियालिस्टॉक आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये ३ ते १० वर्षांच्या १,७३८ मुलांची इंग्रजी शब्दांची चाचणी अभ्यासली, तेव्हा द्विभाषिक मुलं सरासरीने एकभाषिकांच्या मागे होती. मोठ्यांतही शब्द ओठांवर येऊन अडकणं द्विभाषिकांत जास्त आढळतं. मग जागा कमी पडते असंच झालं ना? तसं नाही. संशोधकांनी शब्द वेगळे करून पाहिले तेव्हा मुलं मागे होती ती घरगुती शब्दांत. शाळेतल्या शब्दांत फारसा फरक नव्हता. घरात इंग्रजी नव्हतीच, तर घरचे इंग्रजी शब्द येणार कुठून? ते शब्द मुलांना दुसऱ्या भाषेत येत होते. ही तूट जागेची नाही, वापर दोन भाषांत वाटला गेल्याची आहे.

दुसरा आक्षेप उलट्या बाजूने येतो: मग द्विभाषिक मुलं जास्त हुशार असतात, हे तरी सांगा! इथे हात आखडता घ्यावा लागतो. १९२३ मध्ये वेल्समधल्या एका पाहणीने द्विभाषिक मुलांना मंद ठरवलं होतं. १९६२ मध्ये माँट्रियलच्या पील आणि लँबर्ट यांनी ते उलटवलं. २००४ पासून लक्ष आवरण्याच्या कसोट्यांत द्विभाषिक सरस, असे निष्कर्ष गाजले. पुढे मोठ्या नमुन्यांवर तेच तपासलं, तेव्हा ही आघाडी बरीचशी विरली. २०२० मध्ये सुमारे ११ हजार माणसांच्या अभ्यासात ती सापडली नाही. शिवाय अनुकूल निष्कर्ष छापून यायची शक्यता जास्त, हेही दाखवलं गेलं. तेव्हा दोन भाषांनी बुद्धी वाढते, अशी जाहिरात करू नये.

मात्र उतारवयातला पुरावा याहून वजनदार आहे आणि तो भारतातला आहे. हैदराबादच्या निझाम वैद्यकीय संस्थेत सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांची माहिती तपासली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात द्विभाषिकांत आजाराची लक्षणं सरासरी साडेचार वर्षं उशिरा दिसली, आणि हा फरक निरक्षर रुग्णांतही होता. परदेशातल्या अशा अभ्यासांवर, तिथले द्विभाषिक म्हणजे स्थलांतरित, म्हणून तुलना चुकते, असा आक्षेप असे. हैदराबादेत पिढीजात रहिवासीच दोन-तीन भाषा बोलतात, त्यामुळे तो इथे फारसा लागू होत नाही. २०१६ मध्ये याच चमूने पक्षाघाताच्या ६०८ रुग्णांबद्दल लिहिलं. नंतर बुद्धीची कामं सुरळीत राहिलेले द्विभाषिकांत ४०.५ टक्के होते, एकभाषिकांत १९.६ टक्के. वाचा जाण्याचं प्रमाण मात्र दोन्ही गटांत सारखंच होतं. फायदा भाषेच्या यंत्रणेला झाला नाही, तिच्याभोवतीच्या राखणीला झाला असावा, असं यातून सुचतं. तरी हे निरीक्षण आहे, प्रयोग नव्हे, हे विसरू नये.

चौकट: थोडक्यात

- एकभाषिक मेंदू न लागणारे ध्वनिभेद पहिल्या वर्षातच बाजूला ठेवतो. द्विभाषिक मेंदू दोन्ही भाषांचे राखतो.
- चांगल्या रुळलेल्या दोन भाषा मेंदूत बहुतांशी एकच यंत्रणा वापरतात.
- एक भाषा बोलताना दुसरीही जागी असते. तिला आवरण्याचं काम भाषेबाहेरचे भाग करतात.
- शब्द, पाढे, ओघ हे ज्या भाषेत वापरले जातात तिथेच पक्के होतात.
- द्विभाषिकतेने बुद्धी वाढते हा दावा कच्चा आहे. उतारवयातल्या लाभाचा पुरावा त्याहून बळकट आहे.

मग शाळेचं काय?

मेंदूत जागा आहे एवढ्यावरून पहिलीपासून तिसरी भाषा लादायला हरकत नाही, असं कोणी म्हणेल तर तो निष्कर्ष चुकीचा. जागा आहे, पण दिवसाचे तास वाढत नाहीत. आठवड्याच्या चार-दोन तासिकांनी मेंदूत वरचं काहीच घडत नाही. नारायणगावच्या आडत्याची हिंदी तासिकांनी घडलेली नाही, रोजच्या देवाणघेवाणीने घडली आहे. तिसऱ्या भाषेच्या धोरणाला विरोध करायला वेळ, शिक्षक आणि मुलाच्या आयुष्यातली तिची गरज ही कारणं पुरेशी आहेत. मेंदूच्या ओझ्याचं कारण त्यात घालू नये, कारण ते टिकत नाही. उलट तेच कारण उद्या मराठीविरुद्धही वापरलं जाईल.

घरात मराठी बंद करणाऱ्या पालकांना तर हेच संशोधन जास्त लागू पडतं. कॅनडाच्या जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये मांडलं की वाचलेलं समजून घेणं, कारण सांगणं, गोष्टीचा धागा धरणं या क्षमता दोन भाषांच्या सामाईक असतात; एकीत आल्या की दुसरीत न्याव्या लागतात, पुन्हा शिकाव्या लागत नाहीत. लहानपणी उच्चार लवकर बसतात, हे खरंच आहे. पण ते बसतात चांगली इंग्रजी भरपूर ऐकून. आई-वडिलांनी तुटक्या इंग्रजीत ‘कम, ईट, गो’ एवढंच बोललं तर मुलाला ना इंग्रजीचा ओघ मिळतो, ना मराठीतल्या गप्पांची खोली. मराठी काढून घेतल्याने इंग्रजीला जागा मिळत नाही, कारण ती जागा मराठीने कधी अडवलेलीच नव्हती. त्यामुळे बोरी बुद्रुकच्या घरात मुलाशी भरभरून मराठीत बोलणं आणि शाळेत इंग्रजी नीट शिकवली जाते का, यावर लक्ष ठेवणं, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी करता येतात. संशोधन पाहिलं तर दोन्ही केल्याच पाहिजेत.